लक्ष्मीच्या वाटणीचा भात

लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हा स्नेहलतागंजातल्या आमच्या बिऱ्हाडात सगळं काही होतं, फक्त धूर नव्हता. चूल होती, पण स्वच्छ सारवलेली आणि वर रांगोळीची बोटं ओढलेली. मला वाटलं, नव्या नवरीच्या हातून पेटवायची म्हणून ठेवली असेल. मी पदर खोचला, तसे हे दारातून म्हणाले की ती पेटवायची नाही, या घरात कच्चं खातात.

हे म्हणजे अच्युतराव, मध्यभारत सरकारच्या सचिवालयात हेडक्लार्क. सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला बिऱ्हाड हलवायचं, आणि त्याच्या मागोमाग फायलींचे पेटारे आणि हे. माणूस गरीब गाय. पहिली बायको, लक्ष्मी, मोतीझिऱ्याच्या, म्हणजे टायफॉइडच्या तापात गेली होती, आणि तीन बहिणींमधली थोरली म्हणून मला या बिजवराला दिली होती. तिच्या माघारी हे कुठल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिराला जाऊन आले आणि घरातला विस्तव कायमचा विझला. विस्तवानं अन्नातला जीव जातो, असं यांचं म्हणणं. भिजवलेले मूग, काकडी, गाजर, खोबरं, केळी, खजूर, आणि गवळ्यानं समोर काढलेलं दूध. आमच्या वडिलांनी हे ऐकलं तेव्हा म्हणाले, जावई केला की गोठ्यात गाय बांधली?

चेष्टा सोपी होती, राहणं अवघड होतं. आपल्यात घरात मयत झालं की चूल पेटत नाही. हे कोणी शिकवावं लागत नाही. वरच्या मजल्यावर धारचं एक कुटुंब नव्यानं राहायला आलं. त्या बाईंनी आठवडाभर आमच्याकडून धूर निघाला नाही हे पाहिलं आणि एक दिवस पिठलं-भाताचं पातेलं झाकून घेऊन आल्या. दारात चपला काढल्या आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?" मी हसू आवरून त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या पातेलं घेऊन परत गेल्या, आणि मग मला हसू येईना. त्यांचं चुकलं होतं असं मला मनापासून म्हणता येईना.

खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने त्या कच्च्या खाण्यानं माझं भलंच झालं. माहेरी मला पित्त व्हायचं ते गेलं. भिजवलेले मूग लिंबू पिळून खायला मी शिकले, आणि ते मला आवडायचे. यांचं सगळं खोटं असतं तर मी सरळ भांडले असते. पण मग मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात जिन्यावर चक्कर आली. सुईणीनं डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त नाही म्हणाली, आणि गरम वरण-भात पोटात जाऊ दे म्हणाली. मूल जगायचं असेल तर, हे ती दोनदा म्हणाली.

मी त्याच दिवशी चूल पेटवली. मूठभर तांदूळ शिजवला. हे कचेरीतून आले, उंबऱ्यातच थांबले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. तोंड पांढरंफटक. तसेच मागे फिरले ते दिवेलागण झाल्यावर घरी आले, आणि येताना माझ्यासाठी डाळिंबं घेऊन आले. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. घाबरलेल्या माणसाशी कसं भांडायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी तो भात गाईला घातला आणि डाळिंब सोलून खाल्लं.

त्यानंतर तो वास यायला लागला.

दुपारी हे कचेरीत असत. मी मधल्या खोलीत पडलेली असे. आणि भाताचा वास येई. नव्या तांदळाचा, पेज उतू जाऊन निखाऱ्यावर पडते तेव्हाचा. मी उठून स्वयंपाकघरात जाई तर चूल थंड, रांगोळी जागच्या जागी. वरच्या बाईंना विचारलं, त्यांच्याकडे त्या वेळी काही नसे. मागच्या दारानं शेजारच्या द्वारकाबाईंना विचारलं. त्यांचे यजमान होळकरांच्या फौजेत सुभेदार होते, आता पेन्शनीत. घरात दोनच माणसं, दुपारी अकरालाच त्यांची चूल आवरलेली असे. द्वारकाबाई हसल्या आणि म्हणाल्या, डोहाळे आहेत. मीही तसंच मानलं असतं. पण एका दुपारी वास आला तेव्हा मी उठले नाही, नुसती ऐकत पडले, तर स्वयंपाकघरात कोणीतरी वाटी खाली ठेवली. काशाची वाटी फरशीवर ठेवली की होतो तो आवाज. डोहाळे होते खरे, पण ते माझे की लक्ष्मीचे, हे मला कळेना.

मी भुताखेतांना भिणारी नव्हे. पण उपाशी माणसाला मी भिते. ज्या घरात वर्षानुवर्षं चूल पेटली नाही, त्या घरातून गेलेल्या बाईला कोणी काय वाढलं असेल, हा विचार डोक्यातून जाईना. भाद्रपदात पितृपंधरवडा आला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी म्हणजे अविधवा नवमी. तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. त्या सवाष्णीच्या पाटावर त्या दिवशी गेलेलीच बसते, असं समजतात. यांना विचारलं तर म्हणाले, दर वर्षी करतो की, सवाष्णीला फळं आणि खोबरं देतो.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "जिवंत बायकोला काकडी द्या, मी खाईन. मेलेल्या बायकोला काकडी वाढाल तर मी माहेरी निघून जाईन."

यांनी मान हलवली. मी बाहेरच्या खोलीत बसेन, म्हणाले.

सवाष्ण म्हणून द्वारकाबाईंना बोलावलं. लक्ष्मीच्या आजारपणात त्याच येऊन-जाऊन होत्या. मी सकाळी चूल पेटवली. वरण, अळूची भाजी, खीर, वडे, आणि मोठं पातेलंभर भात. वाफेनं घर भरून गेलं आणि माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की लाज वाटावी. द्वारकाबाई पाटावर बसल्या. मी पान वाढलं, भाताची मूद पाडली, वर तूप सोडलं. इतक्यात हे दारात आले. मला वाटलं, आता पुन्हा निघून जातील. पण ते तिथेच उभे राहिले आणि भाताकडे बघत बोलले.

"हाच भात मी तिला दिला होता. माझ्या हातानं."

आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तापात लक्ष्मी रोज भात मागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की अन्नाचा कण पोटात गेला तर आतडं फुटेल. हे रोज नाही म्हणायचे. शेवटी एक दिवस यांना राहवलं नाही. जन्मात चुलीजवळ न गेलेला माणूस, यांनी मऊ भात रांधला, तूप-मीठ घालून काशाच्या वाटीत तिच्या हातात दिला. ती खाताना बघायचा धीर झाला नाही म्हणून पातेलं घासायला पुढच्या अंगणात गेले. परत आले तर वाटी रिकामी, आणि ती हसून म्हणाली, पोट भरलं. संध्याकाळी ती गेली. त्या दिवसापासून शिजलेलं अन्न यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. शिबिर, निसर्गोपचार हे सगळं नंतरचं.

द्वारकाबाईंनी पानावरचा हात काढून घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अच्युतजी, इतने साल तुम्ही हे मनात ठेवलं? मला एक दफा तरी विचारायचं. मी समजत होते, तुम्हाला साधूपणाचं खूळ लागलंय." त्या पाटावरच यांच्याकडे वळल्या. "तो भात तिनं खाल्लाच नाही. मी पीछे के दरवाजे से आले, तर तिनं वाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, गिळवत नाही हो, यांनी पहिल्यांदा चूल पेटवलीय, यांना दिसू देऊ नका. तिनं शपथ घातल्यागत मी चुपचाप वाटी रिकामी केली न् तिच्याजवळ ठेवून दिली. भात गाईला घातला. भगवान कसम, एक कण तिच्या पोटात गेला नाही."

मला वाटलं, आता हे सुटले. इतक्या वर्षांचं ओझं खाली पडलं. मी यांच्याकडे पाहिलं तर ओझं पडलेलं दिसेना.

"म्हणजे ती उपाशीच गेली," हे म्हणाले.

मला लक्ष्मीचा राग आला, हे खरं सांगते. इतकं जपायचं कशाला नवऱ्याला, की तो आयुष्यभर फसावा? आणि त्या रागातच मला तिच्यासाठी रडूही आलं. मी तोंडाला पदर लावला. हे पुढे झाले, माझ्या हातातली भातवाढी घेतली आणि पाटासमोर वाकले.

"वाढू?" यांनी विचारलं.

द्वारकाबाईंनी यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पानावर हात ठेवला. जेवू लागल्या. सवाष्णीनं पुरे म्हणेपर्यंत वाढायचं, ही आपली रीत. द्वारकाबाई पुरे म्हणेनात. म्हातारी बाई, रात्री पोळीचा चतकोर खाऊन राहणारी. यांनी वाढलं, त्यांनी खाल्लं. पुन्हा वाढलं, पुन्हा खाल्लं. त्यांच्या कपाळावर घाम आला, श्वास लागला, मध्येच डोळे मिटून त्या बसून राहिल्या. मी त्यांना थांबवायला पुढे झाले तर त्यांनी डाव्या हातानंच मला मागे सारलं. कोण जेवतंय हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. पातेल्याच्या बुडाची खरवड निघाली तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"पुरे. आता खरंच पोट भरलं."

हे मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी ओटी भरली. द्वारकाबाईंना धरून त्यांच्या घरी पोचवून आले. परत येऊन पाहते तर पातेल्यात शीत उरलं नव्हतं. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो भात सवत सगळा जेवून गेली होती. हसावं की रडावं कळेना, मी चुलीपाशी भिंतीला टेकून बसले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डब्यातून तांदूळ काढले, धुतले आणि चुलीवर ठेवले. पाणी कमी पडलं, भात खाली लागला, तरी मी उठले नाही. काशाच्या वाटीत भात, तूप, मीठ घालून माझ्या हातात दिला. या वेळी पातेलं घासायला बाहेर गेले नाहीत. माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत राहिले, घास उतरतो का ते. मी एकेक घास त्यांना दिसेल असा गिळला.

आता आमच्याकडे सकाळी कच्चं असतं. मूग मीच भिजवते, कारण ते मला सोसतं आणि आवडतं, यांच्या भीतीपायी नव्हे. संध्याकाळी चूल पेटते. हे थोडा भात घेतात, पण मी पहिला घास गिळल्याशिवाय त्यांचा हात पानाकडे जात नाही. मुलगी झाली. तिला पहिल्यांदा भात भरवला तेव्हाही हे तिच्या इवल्याशा गळ्याकडे बघत होते.

दुपारी चूल थंड असते, आणि अजून कधीकधी तो वास येतो. मग मी उठते. कोण उपाशी आहे ते विचारत बसत नाही, तांदूळ धुवायला घेते.