अनुदान समितीचा पाहुणचार

नाव समुदाय महाविद्यालय, आणि जागा म्हणजे कामोठे गावठाणातल्या बंद शाळेच्या दोन खोल्या. तिथे गावच्या लेकी-सुनांना रुग्णसेवेचा वर्षभराचा कोर्स शिकवत. खाट एकच. सरावाच्या बाहुल्याचा डावा हात निखळलेला, तो बँडेजने बांधून ठेवलेला. छत गळायचं म्हणून खाली निळं प्लॅस्टिक. तरीही इथून शिकून गेलेल्या बायका आसपासच्या दवाखान्यांत ताठ मानेने नोकऱ्या करत होत्या. प्राचार्य ताहिरा मॅडमना त्याचा केवढा अभिमान!

पण देणग्या आटल्या होत्या. सरकारी अनुदान मिळालं नाही, तर दिवाळीला कुलूप लागणार होतं. गणपती झाल्यावर जिल्ह्याहून समिती पाहणीला येणार, असं कळलं तेव्हा ताहिराने ठरवलं, गळकं छत दाखवायचं, तुटका बाहुला दाखवायचा, काही झाकायचं नाही.

तिने एकच चूक केली. समिती येणार हे तुळशीरामकाकांना सांगितलं.

तुळशीरामकाका गावातले जुने आगरी. त्यांचा मुलगा हृतिक कळंबोलीजवळ ट्रेलरखाली गेला. मागे राहिली सून मनस्वी आणि तिची लहान लेक. सून कुणाच्या तोंडाकडे बघत राहू नये म्हणून काकांनी स्वतः तिला इथे आणून बसवलं. भावकीने नाकं मुरडली, काकांनी ढुंकून पाहिलं नाही. तिचा कोर्स आता निम्मा झाला होता.

"मॅडम, पावने आपल्या गावात येनार," काका म्हणाले. "तुमी फक्त भाषनाचा बघा. बाकी माज्यावर."

आगऱ्याच्या दारात पाहुणा येणार आणि त्याला गळकं छत दाखवायचं? काकांच्या डोक्यात ही गोष्ट शिरणंच शक्य नव्हतं.

पाहणीच्या सकाळी ताहिरा पोचली आणि दारातच थबकली. काकांच्या पुतण्याच्या लग्नमांडवाचं गुलाबी झालरीचं कापड छताला ताणून बसवलेलं. निळं प्लॅस्टिक कुठच्या कुठे. ओळखीच्या दुकानदाराकडून दिवसभरासाठी मागून आणलेल्या चार कोऱ्या करकरीत खाटा, आणि त्यातल्या एकीवर तसाच मागून आणलेला नवाकोरा बाहुला. हात मोडलेला बिचारा कपाटात. मागच्या अंगणात कोंबडी रटरटत होती, चिंबोऱ्यांचं कालवण उकळत होतं आणि बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या.

"काका, हे काढायला हवं," ती कशीबशी म्हणाली.

"का? रंग बरोबर नाय काय?" काकांचा चेहरा एवढासा झाला. ते रात्रभर झोपले नव्हते, डोळ्यांवरून दिसत होतं. "रंग छान आहे, काका," ती म्हणाली.

समिती आली. बँजो वाजला, शाली झाल्या, नारळ झाले. ताहिराने वर्षाची कामगिरी वाचली: सगळ्या मुली पास, सगळ्यांना काम, एकीची तर मोठ्या रुग्णालयात निवड. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या आणि प्रत्येक टाळीगणिक अनुदान दूर सरकत होतं. आम्ही गरजू आहोत, हे सांगायला ती उभी राहिली होती आणि सांगत होती की आमचं उत्तम चाललंय.

जेवण झाल्यावर मुख्य साहेबांनी तृप्तीने हात पुसले. "मॅडम, इतकी सुसज्ज संस्था मी जिल्ह्यात पाहिली नाही. तुम्हाला हो आमची काय गरज?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण शेजारी काका भाकरीची परात घेऊन उभे होते, पुढे सगळा गाव. सगळं उसनं आहे, असं म्हणणं म्हणजे त्या माणसाला गावासमोर उघडं करणं. तिने नुसते हात जोडले. साहेब गाडीत बसले तेव्हा मात्र धावत गेली. "सर, त्या खाटा आमच्या नाहीत. छत गळतं. कापड काढून दाखवते, दोन मिनिटं या." साहेब हसले. "मॅडम, सगळ्या संस्था असंच म्हणतात. आम्ही जे पाहिलं तेच लिहिणार." काच वर गेली.

आठवड्याने फोन आला. अनुदान जास्त गरजू संस्थेला.

ताहिरा खोलीत एकटीच बसून रडली. मग तोंड धुऊन काकांच्या घरी गेली. ओटीवर काका नातीला मांडीवर घेऊन बसले होते. मनस्वीने पाणी आणलं. ताहिराच्या चेहऱ्यावरून ती काय ते समजली आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"दिवाळीपासून वर्ग बंद, काका. अनुदान नाही मिळालं."

काकांनी सुनेकडे पाहिलं, मग खाली. "मंग हिचा कोर्स अर्धा ऱ्हायला तो?"

ताहिराने मनस्वीच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

"मॅडम, खरा सांगा," काका म्हणाले. "पावन्यांना काय कमी परला का? जेवानात काय चुकला का आमचा?"

मनस्वीने झटकन मॅडमकडे पाहिलं. छताचं प्लॅस्टिक तिनेच उतरवलं होतं, मोडका बाहुला तिनेच कपाटात ठेवला होता. तिला सगळं कळलं होतं. तिने हलकेच मान हलवली: नको, सांगू नका.

"नाही काका," ताहिरा म्हणाली. "काहीच कमी पडलं नाही."

काकांनी नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. "मंग पुरच्या वर्साला बोलवा त्यांना परत," ते म्हणाले. "यापेक्षा चांगला करू."