थांब, परत मोजतो

धाकटीने ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द खोडला. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून त्यावर आणखी एक रेघ ओढली, तशी पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

“दादाने इतकं छान भाषण लिहून दिलंय, आणि तू त्याला भोकं पाडतेस,” आई म्हणाली. सभागृहामागच्या त्या अरुंद खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसून ती चष्मा पुसत होती.

धाकटी खिडकीपाशी गेली, खिडकी उघडली, लावली, परत टेबलापाशी आली. भिंतीपलीकडे सभा रंगात आली होती. तिच्या वडिलांना, म्हणजे डॉक्टरांना, जाऊन महिना होत आला होता आणि अर्धं गाव त्यांच्या आठवणी सांगायला जमलं होतं. माइकवर शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बोलत होत्या. डॉक्टरांनी नुसतं मनगट धरलं आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा म्हणून सांगितलं, म्हणून आज मी तुमच्यासमोर उभी आहे, असं त्या सांगत होत्या. “त्यांच्या बोटांना डोळे होते हो!” टाळ्या पडल्या. त्यांच्याआधी एका ट्रकवाल्यानेही थोड्याफार फरकाने हेच सांगितलं होतं.

ती बोटं धाकटीला चांगली ठाऊक होती. शाळेतून घरी आल्यावर तिच्या मैत्रिणींचे बाप डोक्यावरून हात फिरवत. हिचा बाप मनगट धरी, घड्याळाकडे बघे आणि ‘बहात्तर, ठणठणीत’ म्हणून आल्या पावली दवाखान्यात परते. तिच्या बक्षीस समारंभाला ते आले ते बॅग हातात घेऊनच, आणि तिचं नाव पुकारायच्या आत कुणीतरी त्यांना बोलावून नेलंही. गावाला देवमाणूस मिळाला होता हे खरं, पण दिव्याखाली अंधार होता, आणि त्या अंधारात ती वाढली होती. आता थोड्याच वेळात तिला व्यासपीठावर उभं राहून या माणसाला कुटुंबवत्सल म्हणायचं होतं. दादाने ते हसत हसत म्हटलं असतं. तिच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

“मेल्या म्हशीला मणभर दूध,” ती पुटपुटली.

“ऐकू येतं मला. बापाला म्हैस म्हणतेस?”

“खोटं बोलवत नाही गं मला. त्यांच्या लेखी मी पेशंटच होते, अगदी शेवटपर्यंत. सुट्टी संपवून मी निघाले की ते काय करायचे, आठवतं ना? बाहेर टॅक्सी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हे माझा हात धरून घड्याळाकडे बघतायत. बरं, पटकन मोजून सोडावं! तर ‘थांब, चुकलं, परत मोजतो.’ परत मोजायचे, परत चुकायचे. एकदा तर ट्रेन गेली माझी. त्यापेक्षा नुसतं जवळ घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?”

आईचा चष्म्यावरचा हात थांबला.

“मोजत कुठे होते ते?”

“म्हणजे?”

“रक्तातल्या साखरेने बोटं मारून टाकली होती त्यांची. टोकांना काही म्हणजे काही कळायचं नाही. चहा गरम आहे की गार, ते मी सांगायचे. शर्टाची बटणं मी लावायचे. दवाखाना कशामुळे बंद केला असं वाटलं तुला?”

“गुडघ्यांमुळे.”

“गुडघे लोकांना सांगायला. बोटांना नाडी लागत नाही, हे डॉक्टरने कुठल्या तोंडाने सांगायचं?”

धाकटी टेबलाच्या कडेला टेकली. दवाखाना बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत कितीदा ती दारात उभी राहिली असेल, पायात बूट चढवलेले, खांद्याला पिशवी, आणि हात कधी सुटतो याची वाट बघत.

“मग दादाची नाडी का नाही बघायचे कधी?”

“दादा इथेच असतो. तो कुठे उठून जातोय?”

“तू तरी मला सांगायचंस!”

“मला बजावलं होतं. तिला कळलं तर ती हात द्यायची नाही, म्हणाले.” आईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लेकीकडे नीट पाहिलं. “आणि नसताच दिलास तू. स्वभाव काय कमी आहे का? अगदी त्यांच्यावर गेलीस. जवळ घ्या म्हणायला तुला जमलं नाही, आणि घ्यायला त्यांना.”

धाकटीला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. तिने पुन्हा खिडकी उघडली. तेवढ्यात दादा दारातून डोकावला.

“चल, तुझं नाव घेतलंय. कागद घेतलास ना?”

“राहू दे,” ती म्हणाली आणि त्याच्या बाजूने तशीच बाहेर पडली.

सभागृह गच्च भरलेलं होतं. आई येऊन कडेच्या खुर्चीवर बसेपर्यंत धाकटीने माइक खालीवर करण्यात वेळ काढला. मग घसा खाकरला.

“तुम्ही सगळे बाबांच्या बोटांबद्दल बोललात. माझ्या बाबतीत मात्र ती नेहमी चुकायची. परत मोजायचे, आणि परत चुकायचे.”

मुख्याध्यापिकांच्या कपाळाला आठी पडली. “डॉक्टर आणि चुकणार?” मागून कुणीतरी कुजबुजलं. दादा खाणाखुणा करून तिला हातातला कागद दाखवत होता. बोटांचं काय झालं होतं ते ती आता सांगेल असं वाटून आई खुर्चीत ताठ झाली, पण धाकटीने ते सांगितलं नाही.

“त्यांना फार वेळ लागायचा,” ती म्हणाली, “आणि मला घाई असायची.”

ती व्यासपीठावरून खाली उतरली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली.