उत्तराचा रकाना

फरक तिसऱ्या दशांशस्थळाला होता. डाव्या पडद्यावर ०.४९८, उजव्या पडद्यावर ०.५०३. अंतर कागदाच्या जाडीइतकं, पण त्यातूनच ०.५ ची रेघ जात होती. रेघेच्या अलीकडे असलं की रिपोर्टवर 'सिकल नाही' छापलं जायचं, पलीकडे असलं की 'सिकल आहे'.

मैत्रीनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच होते.

आदिलाबादच्या या रक्ततपासणी केंद्रात सिकलसेलच्या, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, स्लाइड तपासल्या जात. गावोगावच्या शिबिरांत बोटाच्या रक्तात वाहकाच्याही पेशी वाकवणारं औषध मिसळून स्लाइड करायची, सूक्ष्मदर्शकातून तिचा फोटो घ्यायचा आणि तो इथल्या सर्व्हरला द्यायचा. सर्व्हर प्रत्येक फोटोला शून्य ते एकमधला एक आकडा द्यायचा. जुना सर्व्हर आता थकला होता. नवा घ्यायचा तर कोणत्या प्रोसेसरचा, हा प्रश्न आठ महिने लोंबकळत होता, आणि तो केंद्राची तांत्रिक बाजू पाहणाऱ्या मैत्रीमुळेच लोंबकळत होता. मोजल्याशिवाय ती बोलायची नाही. शेवटी हैदराबादच्या एका पुरवठादारानं पंधरा दिवसांच्या बोलीवर दोन सर्व्हर पाठवले. बाकी सगळं सारखं, आतला प्रोसेसर तेवढा वेगळा. आज चार वाजता त्याची गाडी येऊन नापसंत ठरलेला परत नेणार होती.

शिबिरांत बायकांची बोटं टोचणाऱ्या विमलबाईंनी दोघांना पहिल्याच दिवशी नावं ठेवली होती. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. धाकटीनं चार हजार जुन्या फोटोंचा गठ्ठा अडतीस मिनिटांत उरकला. थोरलीला एकसष्ट मिनिटं लागली. वीज तीच जास्त ओढायची, तापायचीही तीच, आणि किंमतही तिचीच जास्त.

"राबते कमी, खाते जास्त, अन् मायेरचा तोरा वेगळाच," विमलबाई म्हणाल्या होत्या. "आमच्या थोरल्या जावेवर गेली पुरी."

मैत्रीच्या तक्त्यात सहा रकाने होते: वेळ, वीज, तापमान, किंमत, दर स्लाइडमागचा खर्च, दुरुस्तीची हमी. सहाही रकाने धाकटीच्या बाजूनं भरले होते. शिफारशीचं पत्रही आज सकाळी अर्धं लिहून झालं होतं. फक्त एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत लागलेल्या सवयीनं तिनं दोन्ही सर्व्हरनी दिलेल्या उत्तरांच्या याद्या शेजारी शेजारी लावल्या आणि वेगळी उत्तरं किती, ते शोधायला सांगितलं. शून्य यायला हवं होतं. नऊ आलं.

आधी तिला वाटलं, थोरलीच चुकली. तिनं दोन्ही सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केले, गठ्ठा पुन्हा दिला. नऊच. मग डिस्कची अदलाबदल करून पाहिली. तेच नऊ. आणि नवांच्या नवांना धाकटी 'नाही' म्हणत होती.

कारण सापडायला पाऊण तास लागला. धाकटी चपळ होती ती दशांशांची शेपटं छाटत होती म्हणून. तिच्या प्रोसेसरमध्ये तशी सोयच केलेली होती, आणि सोय दिसली की सॉफ्टवेअर ती आपणहून वापरायचं. थोरलीकडे ती नव्हती. म्हणून ती बिचारी शेवटच्या आकड्यापर्यंत गुणत बसायची.

मैत्रीनं नऊ फोटो एकेक करून उघडले. दोन संशयाचे होते. सातांमध्ये मात्र विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी स्वच्छ दिसत होत्या, कुणालाही दिसल्या असत्या. मग तिनं जुन्या सर्व्हरनं त्या वेळी दिलेले रिपोर्ट काढले. जुना सर्व्हर धाकटीच्याच घराण्यातला. त्यानंही नऊ वेळा 'नाही' म्हटलं होतं.

आठ महिने ती वेग मोजत होती, वीज मोजत होती. उत्तराला तिनं रकानाच ठेवला नव्हता.

नावं कपाटातल्या रजिस्टरमध्ये कुलूपबंद असायची. यादीत फक्त स्लाइडचे नंबर. त्या रकान्याकडे तिनं अजून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. स्वच्छ दिसणाऱ्या सातांतल्याच एका, ०.४९८ आणि ०.५०३ च्या ओळीत लिहिलं होतं: इं/१.

इंद्रवेल्लीचं शिबिर, पहिली स्लाइड. या नंबरासाठी रजिस्टर उघडायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी शाळेच्या व्हरांड्यात बायका बसून होत्या आणि एकही पुढे येत नव्हती. तेव्हा मैत्रीनं स्वतःचं बोट पुढे केलं होतं.

त्या रिपोर्टवर तिचं लग्न झालं होतं. गुडीहत्नूरच्या शाळेत शिक्षक असलेल्या अनुपनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, "मी वाहक आहे. माझा मोठा भाऊ दौलत याच आजारानं गेला. तुमच्यात नसलं तरच पुढचं बोलू." तिनं त्याला रिपोर्टचा फोटो पाठवला होता आणि त्यावर त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं होतं: सुटलो. दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याचा चारात एक धोका, हे वाक्य तिनं शेकडो जोडप्यांना सांगितलं होतं. स्वतःला कधी लागू करून पाहिलं नव्हतं.

पाळी लांबल्याचा आज सहावा दिवस होता. अनुपला तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. मोजल्याशिवाय ती बोलायची नाही.

विमलबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्यांची नजर पडद्यावर गेली. या नंबराची गोष्ट त्या प्रत्येक शिबिरात सांगत आल्या होत्या.

"हा तं तुमचा नंबर हाय."

मैत्रीनं उजव्या, थोरलीच्या पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. रेघेचा अर्थ विमलबाईंना कळत होता.

त्या म्हणाल्या, "मॅडम, बोट म्या टोचलं व्हतं. बराबर टोचलं व्हतं म्या."

"तुमचं काही चुकलं नाही, विमलबाई."

"मंग कोनाचं चुकलं?"

चहावर साय धरली.

साडेतीनला सुधाकरराव आत आले. केंद्राचे कार्यवाह, सारी नोकरी तहसील कचेरीत झालेली. "गाडी पोचतच हाय म्हंते. मैत्रीताई, आता तरी फैसला द्या. आठ महिने झाले, लोकायचे खटले सुटले एवढ्यात. धाकटीच ना?"

तिनं त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. नऊ ओळी, सात फोटो, जुने रिपोर्ट. सुधाकररावांनी फोटो दोनदा पाहिले. रुमाल काढला आणि नुसता हातात धरून ठेवला.

"चार हजारांत नऊ," ते म्हणाले. "म्हंजे काहीच नाही तसं."

"आजवर एकेचाळीस हजार तपासले, साहेब. त्या हिशेबानं नव्वदच्या वर जातात. त्यातल्या किती जणांनी आपल्या कागदावर लग्नं जमवली, माहीत नाही."

सुधाकररावांनी खुर्ची पुढे ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बाहेर गेलं तं उद्या शिबिराले कोनी फिरकनार नाही. पाच वर्षांची इज्जत हाय आपली. गुपचूप थोरली घेऊ, पुढचं नीट करू. मागचं कोनाले मालूम हाय?"

"मले मालूम हाय," विमलबाई दारातून म्हणाल्या.

"तुमी मधात बोलू नका, बाई."

"काऊन नको बोलू? यादीत पयला नंबर यांचाच हाय, साहेब. मॅडमचा."

सुधाकररावांनी मैत्रीकडे पाहिलं. अनुपच्या भावाचं त्यांना ठाऊक होतं. दौलतच्या मातीला ते गेले होते. रुमाल मांडीवरून खाली घसरला, तो त्यांनी उचलला नाही.

फाटकाशी हॉर्न वाजला. दोन्ही सर्व्हरचे पंखे घोंघावत होते, थोरलीचा जरा मोठ्यानं.

सुधाकररावांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि मंजुरीचा कागद पुढे ओढला. "काय लिहू?" त्यांनी विचारलं. आवाज कचेरीतला नव्हता.

मैत्रीनं सकाळचं अर्धं पत्र उचललं, मधोमध दुमडलं आणि बाजूला ठेवलं.

"थोरली ठेवा," ती म्हणाली. "एकेचाळीस हजारच्या एकेचाळीस हजार फोटो तिला पुन्हा द्यायचे. साडेदहा तासांचं काम आहे. रेघेजवळ येतील ते मी डोळ्यांनी पाहीन. ज्यांचं चुकलं त्यांना पत्र नाही पाठवायचं, फोन नाही करायचा. घरी जाऊन सांगायचं, आणि चूक आपली आहे हेही सांगायचं. पहिलं घर गुडीहत्नूरचं. तिथं मी आत्ता निघते."