पहिली ओढ

गुरुदास मेस्त्रीनं आयुष्यात आठ धनुष्यं केली आणि त्यातलं एकही मोडलं नाही, असं गाव सांगतो. गाव सांगतो त्यातलं निम्मं खरं. आठ धनुष्यं त्यानं देवाला दिली, एवढं मात्र कोणीही मान्य करील.

कट्टा गावापासून आत, डांबरी रस्ता संपतो तिथं रवळनाथाचं देऊळ आहे. दर पाच वर्षांनी दसऱ्याला देवाला नवं लाकडी धनुष्य द्यायचं, आणि ते करायचा मान मेस्त्रींच्या घराचा. लाकूड धामणीच्या झाडाचं. नियम एकच, पण कडक. करणाऱ्यानं घरी दोरी छातीपर्यंत ओढून बघावी, त्यापुढे नाही. कानापर्यंतची पहिली ओढ देवाची. ती दसऱ्याच्या दिवशी, देवळासमोर, करणाऱ्यानं स्वतः ओढायची. धनुष्य टिकलं तर देवानं ते घेतलं. मोडलं तर मान गेला.

आता, अर्ध्या ओढीत लाकडाची जी खोड दिसत नाही ती पुऱ्या ओढीत बाहेर पडते, हे कुठलाही सुतार सांगेल. म्हणूनच तर गुरुदासाचं नाव झालं. तो धनुष्य हातभर लांब धरून एक डोळा मिटायचा, नखानं दोन-तीन खुणा करायचा, तेवढ्या जागा काचेच्या तुकड्यानं खरवडायचा आणि म्हणायचा, “झाला.” दसऱ्याला ते धनुष्य सुपाच्या कडेसारखं वाकायचं. लोक म्हणायचे, गुरुदासाच्या डोळ्यातच माप आहे.

डोळ्यात कसलं माप नि काय. दुपारी जेवून गाव कलंडला की गुरुदास मागच्या गवताच्या खोपीत जायचा, दार ओढून घ्यायचा आणि दोरी सरळ कानापर्यंत ओढायचा. एकदा नव्हे, पन्नासदा. त्या खोपीत तीन धनुष्यं मोडली. पहिल्याचं टोक उडून कपाळावर असं बसलं की भुवई फाटली. म्हशीचं शिंग लागलं म्हणून त्यानं सांगितलं आणि सगळ्यांनी म्हशीला नावं ठेवली. मोडके तुकडे न्हाणीच्या चुलीत जायचे आणि माळ्यावरचा दुसरा दांडा खाली यायचा. दांडे तो नेहमी दोन सुकवायचा.

चाळीस वर्षं त्यानं हे कोणाला कळू दिलं नाही. बायकोला नाही आणि मुलाला तर नाहीच.

मुलगा एकच, अजय. शाळेत असताना त्यानं एकदा चोरून धामणीची फांदी तासली होती. गुरुदासानं ती गुडघ्यावर मोडली आणि चार लोकांत म्हणाला, “ह्या हातानी काजी फोडूच्यो.” पोरगा खरोखरच वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात गेला. वीस वर्षं तिथंच राहिला, लग्नाचं राहूनच गेलं. दोन वर्षांपूर्वी गुरुदासाला झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय गेला, तेव्हा नोकरी सोडून तो घरी आला. तेव्हापासून बापाला उचलणं, भरवणं, न्हाऊ घालणं सगळं त्याच्याकडे. गुरुदासाची जीभ मात्र शाबूत होती, आणि ती पहिल्याइतकीच चालायची.

रोज सकाळी अंगावर पहिला तांब्या ओतण्याआधी अजय विचारायचा, “बाबानू, पाणी कढत नाय मां?”

“घाल,” गुरुदास म्हणायचा. बरं आहे असं त्यानं कधी म्हटलं नाही.

यंदा धनुष्याचं वर्ष होतं. दीड दिवसाचे गणपती गेले तसा अजयनं माळ्यावरचा एक दांडा खाली काढला. सहा वर्षं धूर खाऊन तो काळा पडला होता. पडवीत, बापाच्या खाटेसमोर बसून त्यानं साल उतरवली आणि वाकसानं, सुताराच्या तासणीनं, पोटाकडची म्हणजे ओढणाऱ्याकडची बाजू तासायला घेतली.

“वायच हळू. खांब तासतस काय?” गुरुदास खाटेवरून म्हणाला.

“पाठीकडे हात लावू नको. थयचो एक पदर तुटलो तर सगळाच गेला.”

“एक डोळो मिट रे! दोन डोळ्यांनी बाक दिसणा नाय, कितीदा सांगू?”

अजय मुकाट्यानं डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं बघायचा. संध्याकाळी केर भरला की धनुष्य खाटेपाशी आणून धरायचा. “बाबानू, बघा हां. खंय कमी-जास्त आसा?” चाळिशीतला माणूस, पण हे विचारताना त्याचा आवाज अजून त्या फांदी मोडलेल्या पोराचा व्हायचा. मान राहावा ही त्याची इच्छा होतीच. पण त्याहून त्याला एक शब्द हवा होता, बापाच्या तोंडून, आणि तो मिळेल तर याच धनुष्यावर मिळणार होता.

पहिले आठ दिवस गुरुदासानं मनापासून चुका काढल्या. मग चुका सापडेनात. पोराचा हात चालत होता. पाठीवरचा लाकडाचा पदर त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राखला होता. गुरुदासाला ते तिसऱ्या धनुष्याला जमलं होतं. छातीपर्यंत ओढल्यावर दोन्ही बाजू सारख्या वाकत होत्या. गुरुदासाला त्या रात्री जेवण गेलं नाही. काजू फोडणारा पोरगा पहिल्याच धनुष्यात आपल्या पुढे जातो, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

दसऱ्याला वीस दिवस असताना त्याला ती गाठ दिसली. मुठीच्या वर चार बोटांवर, मोहरीएवढी. गाठीभोवती थोडं लाकूड जास्त ठेवायचं असतं. अजयनं सगळीकडे सारखं करायच्या हौसेनं ती जागाही गुळगुळीत केली होती. छातीपर्यंतच्या ओढीत काही कळत नव्हतं. पण कानापर्यंत ओढ गेली की धनुष्य तिथंच मोडणार, हे गुरुदासाला सकाळच्या उन्हासारखं स्वच्छ दिसलं.

त्याला बरं वाटलं. मुलाची चूक दिसली आणि बापाला बरं वाटलं. असा बाप कोणाच्या वाट्याला येऊ नये, पण येतो.

खरवडलेलं लाकूड परत चिकटत नाही. तरी वीस दिवस हातात होते आणि दुसरा दांडा माळ्यावर होता. गुरुदासानं एवढंच म्हणायचं होतं, “खोपीत जा, दार लाव, कानापर्यंत ओढून बघ.” पण ते म्हटलं की पोरगा विचारणार, तुम्हीही असंच करत होता काय? चाळीस वर्षांचं नाव त्या एका वाक्यात वाहून जाणार.

“बाबानू, खंय कमी-जास्त आसा?”

“नाय,” गुरुदास म्हणाला. “बरा आसा.”

 अजय धनुष्य घेऊन लगबगीनं आत गेला आणि आईला म्हणाला, “आये, बाबा बरा आसा म्हणाले.” त्याचा आवाज बाहेर ऐकू आला. गुरुदासानं भिंतीकडे तोंड केलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नर्मदा, त्याची बायको, पेज घेऊन खाटेपाशी आली. अजय दोरीसाठी अंबाडी वळत अंगणात बसला होता. तिनं आवाज बारीक केला.

“ऐकलात? खोपीतला तेका सांगल्यात मां?”

“खंयच्या खोपीतला?”

“आता म्हातारपणी तरी सोंगां नको. चाळीस वर्सां न्हाणीची चूल मियाच पेटवतंय. धामणीचो अर्धो जळलेलो तुकडो माका वळखाक येणा नाय काय?” ती रागावली नव्हती. “माका काय करूचा आसा त्याचा. फकत झिलाक सांगा. एक डाव ओढून बघांदे.”

 म्हणजे गुपित कधीचंच फुटलं होतं आणि बाईनं ते पोटात ठेवलं होतं. आता सांगून गुरुदासाचं काही जाणार नव्हतं. नावाची, अब्रूची सगळी निमित्तं संपली. उरलं होतं ते एकच, पोरगा आपल्यापेक्षा बरा ठरू नये.

“सांगलंय,” तो म्हणाला.

नर्मदेनं देवाच्या दिशेनं हात जोडले आणि ती कामाला लागली.

दसऱ्याला त्यानं स्वतःहून सांगितलं, “माका खुर्चीत घालून न्या.” चौघांनी उचलून त्याला देवळासमोर अगदी पुढं बसवलं. देवाची तरंगं, लुगडी नेसवलेले खांब, बाहेर आली, ढोल थांबले. मानकरी बाबली गावकरानं गाऱ्हाणं घातलं आणि दर वाक्याला लोक म्हणाले, “व्हय म्हाराजा!” पाच-सहा जणांनी मोबाइल वर धरले. अजयनं धनुष्य कपाळाला लावलं, दोरी चढवली आणि देवाकडे पाठ न करता कडेनं उभा राहिला.

त्यानं छातीपर्यंत ओढलं. धनुष्य सुंदर वाकलं. तिथं तो थांबला आणि त्यानं बापाकडे बघितलं. घरी रोज संध्याकाळी बघायचा तसंच.

अजून वेळ होती. “थांब” एवढा एक शब्द पुरला असता. गुरुदासाचा फाटून शिवलेल्या भुवईखालचा डोळा त्या मोहरीएवढ्या जागेवर होता, आणि धनुष्य मोडलं की टोक कुठं येतं हे त्या भुवईला ठाऊक होतं.

“ओढ,” गुरुदास म्हणाला.

अजयनं कानापर्यंत ओढलं. मोठा आवाज झाला आणि वरचा अर्धा भाग उलटा येऊन त्याच्या तोंडावर बसला. तो खाली बसला, मग आडवा झाला. दोन्ही हात डाव्या डोळ्यावर होते आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. नर्मदा लोकांना ढकलत धावली.

त्या गोंधळात मागून कोणीतरी म्हणालं, “गुरुदासाचो हात तो गुरुदासाचोच.”

हेच ऐकायला तो आला होता. ते ऐकलं आणि क्षणभर त्याला गोडही लागलं. मग पोरगा ओरडला.

जीप फोंडाघाटानं कोल्हापूरला गेली. डावा डोळा काढावा लागला. अकरा दिवस गुरुदासाचं शेजाऱ्यांनी केलं, तोंड वाकडं करून. तेवढ्यात गावाची बैठक बसली आणि ठरलं, की आता पितळेचं धनुष्य आणायचं, एकदाच. ते ओढायचं नाही, मोडायचं नाही आणि मेस्त्र्यांकडे मान ठेवायचंही कारण नाही.

बाराव्या दिवशी मायलेक घरी आले. नर्मदा पिशवी खाली न ठेवताच खाटेसमोर उभी राहिली.

“हास्पिटलात मी तेका इचारलंय, खोपीत ओढून बघितलंस नाय काय रे? तर तो माकाच इचारता, खंयची खोप?” तिनं पिशवी भुईवर आदळली. “तुमी माका सांगलंय म्हणालात. देव बघता हा.”

अजय दारात उभा होता, डोळ्यावर पट्टी. गुरुदासानं उत्तरं तयार ठेवली होती. चूक तुझ्या हातची, गाठ तू खरवडलीस, मी काय करू? पोरगा ओरडेल, शिव्या देईल, मग हे सगळं सांगता येईल.

 अजय आत गेला, त्यानं पेज गरम केली आणि बापाला भरवली. चमचा तोंडाशी आणायचा, पुसायचा, पुन्हा आणायचा. दुसऱ्या दिवशी तसंच. आठ दिवस गेले, महिना गेला. आईशी बोलायचा, वाटेनं जाणाऱ्याशी बोलायचा, गाईला हाक मारायचा. बापाचं अंथरूण आधी कधी नव्हतं इतकं स्वच्छ असायचं. शब्द मात्र नाही. गुरुदासानं शिव्या घालून बघितल्या, रडून बघितलं, एकदा मुद्दाम पेज सांडली. अजयनं फडक्यानं पुसून घेतली.

मार्गशीर्षात त्यानं दुसरा दांडा खाली काढला. कोणासाठी, असं नर्मदेनंही विचारलं नाही. खाटेसमोरच बसून त्यानं तो तासला. यात गाठी तीन होत्या आणि तिन्हींपाशी त्यानं लाकूड राखलं. गुरुदास बघत राहिला. कुठं नख लावायला जागा नव्हती. अजय धनुष्य लांब धरून बाक बघायचा, आणि आता त्याला डोळा मिटावा लागत नव्हता.

एका सकाळी त्यानं भर उन्हात, अंगणात, दार-खोप काही न बघता दोरी कानापर्यंत ओढली. एकदा, दहादा, पन्नासदा. धनुष्य सुपाच्या कडेसारखं वाकलं आणि परत आलं. गुरुदासानं असं धनुष्य केलं नव्हतं, आठांत नाही आणि मोडलेल्या तिनांतही नाही.

“बरा झाला,” तो म्हणाला. मग मोठ्यानं, “अजया, बरा झाला रे! माझ्यापेक्षा बरा झाला!” आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता.

अजयनं दोरी उतरवून नीट गुंडाळली. मग कोयत्यानं धनुष्याचे तीन तुकडे केले आणि ते न्हाणीच्या चुलीत सारले. धामण सुकी होती, चटकन पेटली. पाणी तापल्यावर त्यानं बापाला उचलून न्हाणीत नेलं, पाटावर बसवलं, हात बुडवून बघितला आणि थंड पाण्याचं विसावण घातलं. मग तांब्या भरून घेतला.

गुरुदास मान खाली घालून प्रश्नाची वाट बघत बसला. तांब्या अंगावर ओतला गेला, मग दुसरा, मग तिसरा.

“पाणी बरा आसा,” गुरुदास म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.