दप्तरखान्यातला साप

सकाळचे ऊन आमच्या कार्यालयात पूर्वेच्या खिडकीतून येते आणि इथल्या प्रत्येक गोष्टीप्रमाणे सावकाश पुढे सरकते. आधी ते गजांवर रेंगाळते, मग टेबलाच्या कडेवर उतरते, शाईचे जुने डाग न्याहाळते, टाचण्यांच्या डबीत क्षणभर चमकून घेते आणि दहाच्या सुमारास दप्तरखान्याच्या बंद दारापाशी येऊन थांबते. पुढे जायची त्याचीही छाती होत नसावी, असे मला वाटे. आत साप होता.

तो दोन वर्षांपूर्वी एकदा दिसला होता, तोही शेपटीपुरता. तेवढ्या शेपटीवर कार्यालयाने दोन वर्षे काढली. ज्याचे काम करायचे नसेल, त्याचा कागद नेमका दप्तरखान्यात असे. साप पकडणाऱ्याला बोलावण्याचे पत्रही तयार होते. पण त्यावर घालायचा जावक क्रमांक ज्या वहीत, ती वही आत होती.

मला मात्र सापाचे भय खरोखरच होते. लहानपणी आई माझ्या पुस्तकातल्या सापाच्या चित्रावर कागद चिकटवून देई. त्यामुळे इथे माझ्या भयाला मान होता. बाकीचे लोक साप नुसता सांगत, मी सांगताना पांढराफटक पडे. साहजिकच लोकांना परत पाठवण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या लोकांत एक घड्याळजी होते. ते दर बुधवारी दहा वाजून दहा मिनिटांनी येत. त्यांचे दुकान रस्त्यात येते म्हणून पाडायचे ठरले होते. गुरुवारच्या सुनावणीत मंजूर नकाशाची फाइल दाखवली, तर ते वाचणार होते. निदान फाइल गहाळ झाल्याचा लेखी दाखला मिळाला, तरी सुनावणी पुढे जाऊन मोजणी नव्याने झाली असती. पण आत असलेल्या फाइलीला गहाळ कसे म्हणायचे? ती आत आहे, असे अकरा महिने मीच सांगत होतो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, शेवटच्या बुधवारी, ते बसले ते उठेचनात.

"बाळा, किल्ली दे," ते म्हणाले. "सत्तरी उलटली माझी. चावून चावून किती चावेल तो?"

शिपाईकाका म्हणाले, "आजोबा, आमच्या सापाला बाहेरच्या माणसाला चावायची परवानगी नाही."

सगळे हसले. घड्याळजीही हसले, आणि ते मला सोसवले नाही. मी उठलो, कुलूप काढले आणि आत गेलो. मागे उंबऱ्याबाहेर सारे कार्यालय फूटपट्ट्या घेऊन साप साप म्हणून भुई धोपटू लागले.

तिसऱ्या फळीवरच्या गठ्ठ्यामागे मी हात घातला. हाताला काहीतरी गार, कोरडे लागले आणि ते हलले. हात काढता येईना. त्याचे डोके माझ्यापासून वीतभर अंतरावर वर आले. पापण्या नसलेले ते डोळे कुठेच पाहत नव्हते. कूस मात्र भराभर हलत होती, थेट माझ्या छातीसारखी. मग तो माझ्या मनगटावरून, अख्ख्या लांबीने, घाई न करता पलीकडे गेला आणि भिंतीच्या फटीत शिरला. मी उभा राहून आपले भय शोधले. ते जागेवर नव्हते.

गठ्ठ्यांना उंदराचा दात लागलेला नव्हता. दोन वर्षे कुणी न सांगता काम करणारा या कार्यालयात तो एकटाच निघाला.

मी बाहेर येऊन सांगितले की साप आहे, पण निरुपद्रवी आहे. फूटपट्ट्या खाली आल्या, चेहरेही उतरले. साहेबांनी मला जवळ बोलावून ही गोष्ट जरा हळू बोलायला सांगितले.

"आणि माझी फाइल?" घड्याळजींनी विचारले.

सापाकडे बोट दाखवण्यासाठी माझा हात सवयीने उठला आणि अर्ध्यावर थांबला. मी कोरा कागद ओढला, गहाळ झाल्याचा दाखला लिहू लागलो आणि कारणाच्या ओळीवर आलो. साहेब खांद्यावरून वाचत होते. अकरा महिने दडवलेले खरे मी लिहिले: सदर फाइल दप्तरखान्यात नाही, साप दिसण्याच्या आधीच नक्कल करण्यासाठी घरी नेताना ती मी बसमध्ये विसरलो.