गवताच्या पोटातली ऊब

“ते यंत्र कातडी दाखवतं, पोरी. गवत तापतं ते पोटात.”

सासरे वेन्डेलिन हे बोलले तेव्हा दुसऱ्या कापणीचं गवत नुकतंच माळ्यावर चढलं होतं, आणि व्हेरेना कडेवरच्या आग्नेसच्या तोंडातून गवताची काडी ओढून काढत होती. “हो बाबा,” असं म्हणून तिनं विषय सोडून दिला. इन्सब्रुकच्या विद्यापीठात चार वर्षं काढलेल्या बाईला आकडा दिसला की धीर येतो. बाबांकडे होती ती दोन पुरुष लांबीची लोखंडी सळई. ती गवतात खुपसायची, एक पाइप ओढून होईपर्यंत थांबायचं, मग उपसून टोक मुठीत धरायचं. मुठीत धरवलं तर गवत ठीक.

पण वसंतात ते याच माळ्यावर गवतावर चढताना पडले होते. खुबा सांधला गेला, चक्कर मात्र राहिली. तेव्हापासून घराच्या वरच्या मजल्यावरून माळ्यात उघडणाऱ्या छोट्या दाराला व्हेरेनानं कुलूप घातलं होतं. किल्ली तिच्या खिशात. नवरा योडोक गायी घेऊन वरच्या कुरणावर गेलेला, तो सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येणार नव्हता. घर, गोठा आणि माळा सगळं एकाच आढ्याखाली. पेटलं तर एकत्रच पेटणार.

“मी बघते ना रोज दोनदा,” तिनं बाबांना सांगितलं होतं.

आणि ती बघत होती. योडोकनं अग्निशमन दलाकडून जुना म्हणून घेतलेला थर्मल कॅमेरा ती सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला उंबऱ्यात उभी राहून गवतावर रोखायची. पडद्यावर खाली निळंशार गवत, वर पिवळंपांढरं छत. मधल्या फुलीवर चोवीस, कधी पंचवीस. हायसं वाटायचं. मग जाता जाता तोच कॅमेरा पाळण्यावर. आग्नेसचे गाल केशरी, बोटं निळी. निळी का? मग आणखी एक मोज्यांची जोडी.

गवत थोडं ओलसर आलं होतं हे तिला माहीत होतं, आणि ओलसर गवत ढिगात आपोआप तापत जाऊन पेटतं हेही. वाळवणाच्या चौथ्या दिवशी डोंगरावर ढग जमले आणि अर्धी दुपार वाळायची राहून गेली. चारा ओला मुरवून ठेवायची या खोऱ्यात सोय नाही, तसला चारा खाल्लेल्या गायींचं दूध चीजवाले घेतच नाहीत. म्हणजे जे आहे ते माळ्यावरच चढवायचं आणि वाट बघायची.

गवत चढवल्याच्या एकोणिसाव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, जिन्यात वास आला. गोड, करपलेल्या साखरेसारखा. बाबांनी कॉफी ठेवली असेल म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. चूल गार होती. आग्नेसला कडेवर घेऊन ती वर धावली, कुलूप काढलं, कॅमेरा रोखला. गवत निळं. फुलीवर सव्वीस. वास मात्र इथे दाट होता.

तिनं अंब्रोसला फोन लावला. योडोकचा शाळेतला सोबती, गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, एरवी सुतार.

“अंब्रोस, मी व्हेरेना. कदाचित काहीच नसेल.”

“तुझा फोन म्हणजे काहीच नसणार. मागच्या वेळी काय होतं? इस्त्री?”

“माळ्यावर वास येतोय. साखर करपल्यासारखा.”

पलीकडची करवत बंद झाली. “कितवा दिवस?”

“एकोणिसावा. पण कॅमेऱ्यात सगळं निळं आहे.”

“उजवीकडं रंगांची उभी पट्टी आहे, तिच्यावर आकडे वाच.”

“खाली एकोणीस. वर अठ्ठावन्न.”

“अठ्ठावन्न काय आहे तिथं?”

“छताचा पत्रा. उन्हानं तापलाय.”

“अगं बाई! रोज असंच बघतेस?”

“रोज,” ती म्हणाली.

“तो कॅमेरा स्वतःच रंग वाटतो. चित्रात सगळ्यात गरम असेल त्याला पांढरा, सगळ्यात गार असेल त्याला काळा, बाकीच्यांना मधले. छतानं सगळे रंग खाल्ले, गवताच्या वाट्याला आला एक निळा. त्यात दहा अंशांचा डोंगर असला तरी तुला दिसायचा नाही. छत चित्राबाहेर काढ. नुसतं गवत धर. धरलंस?”

“हं.”

“आता मधलं बटण दाबून ठेव. कुलपाचं चित्र येईल.”

फोन मानेशी दाबलेला, आग्नेस कडेवर वळवळत होती. बटण एकदा निसटलं, दुसऱ्यांदा भलतीच यादी उघडली. “येत नाहीये, अंब्रोस, येत नाहीये.”

“यादीतून मागं ये. सावकाश. पुन्हा दाब.”

कुलूप आलं.

“खालचा आकडा बाणानं वीसवर आण. वरचा तीसवर.”

तिनं बाण दाबला, दाबला, दाबत राहिली. निळ्यातून जांभळं फुटलं, जांभळ्यातून तांबडं. आणि ढिगाच्या माथ्याशी, जेवणाच्या टेबलाएवढा, पांढराफटक डाग उमटला.

“फुली ठेव त्याच्यावर.”

“पस्तीस.”

“वर पस्तीस, म्हणजे आत सत्तरच्या पुढे असू शकतं. आम्ही निघालो. कुठलंही मोठं दार उघडू नकोस, वारा मिळाला की भडकेल. गवतावर पाय ठेवायचा नाही, आत जळून पोकळ झालं असेल तर माणूस थेट आत जातो. म्हातारा कुठाय?”

“झोपलेत. दुपारी झोपतात.”

“आधी दोघांना बाहेर काढ.”

आग्नेसला तिनं अंगणात, पेअरच्या झाडाखाली बाबागाडीत पट्टे आवळून बसवलं आणि बाबांच्या खोलीचं दार ढकललं. पलंगावरच्या रजईला एक सुरकुती नव्हती. सपाता पलंगाखाली होत्या. बूट नव्हते.

मग तिला मागचा चढ आठवला. गवताच्या गाड्या ज्याच्यावरून थेट माळ्यात शिरतात तो, आणि तिथलं ते मोठं दार. त्याला कुलूप घालायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती पुन्हा वरच्या उंबऱ्यात आली. “बाबा!”

ढिगामागून आवाज आला, अगदी निवांत. “ओरडतेस कशाला? पोर घाबरेल.”

आणि माथ्यापलीकडे बाबांचं डोकं वर आलं, मग खांदे. हातात सळई. “धरवत नाहीये टोक. तुलाच सांगायला येत होतो, जरा गरगरलं म्हणून बसलो.”

“रोज येता इथं?”

“तू खाली पोरीला भरवतेस तेव्हा.”

“वास नाही आला तुम्हाला?”

“दोन हिवाळ्यांमागच्या त्या तापानंतर मला कशाचा वास आलाय, की चव लागलीय?”

दोन वर्षं. दोन वर्षं ती त्यांना सूप वाढत होती आणि ते रोज “छान झालंय” म्हणत होते.

बाबा सरळ तिच्याकडे निघाले.

“थांबा! सरळ नको. तुमच्या नि माझ्यामध्येच आहे ते.”

“दहा पावलं आहेत फक्त.”

“त्या दहा पावलांखालीच आहे!”

तिनं कॅमेरा उचलला. पडद्यावरचं कुलूप काढायचं नाही, एवढं एकच डोक्यात. काढलं तर रंग पुन्हा वाटले जातील आणि डाग गवतात विरघळेल. बाबा पडद्यावर पांढरे, डागही पांढरा, कडा कुठं संपते ते कळेना. तिनं वरचा आकडा चाळीसवर नेला. कड उमटली. ती भिंतीच्या दिशेनं जिभेसारखी पसरली होती.

“आल्या वाटेनं मागे फिरा. भिंतीला खांदा लावून. लावला?”

“कातडीच बघतेयस ना?”

“कातडीच बघतेय. पण ऐका माझं. आता दोन पावलं. आणखी एक. थांबा, इथं भिंतीजवळ आलंय ते. खाली उतरून वळसा घ्या. आणि ती सळई टाका!”

“सळई कशी टाकू? आडवी धरतो. खचलं तर तिच्यावर अडकेन.”

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी सळई पोटाशी आडवी धरली आणि ते एकेक पाऊल टाकू लागले. एकदा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. सळई गवतावर टेकली, बाबा तिच्यावर रेलले, शिवी हासडली, पाय बाहेर आला.

“आता?”

“आता निळं आहे. दारापर्यंत निळं आहे, बाबा. जा. आणि बाहेर पडल्यावर दार ओढून घ्या.”

अंब्रोस अकरा जणांना घेऊन आला, त्यात बेकरीवालाही होता, हाताला पीठ तसंच. पाण्याचे पाइप रोखून धरत त्यांनी संध्याकाळपर्यंत दाताळ्यांनी थोडं थोडं गवत उपसलं आणि कुरणावर पसरलं. आतलं काळं निघालं, कोळशासारखं. त्यांच्या लांब सुईच्या तापमापकानं शहात्तर दाखवलं. हिवाळ्याचा अर्धा चारा गेला, घर राहिलं. बाबा बाबागाडीशेजारी बसून आग्नेसला सळईला हात लावू देत नव्हते.

“पुढच्या वेळी इस्त्रीसाठीसुद्धा फोन कर,” जाताना अंब्रोस म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

एकोणीस दिवस व्हेरेनानं गवत बघितलं, पाळणा बघितला. बाबांचं दार तिनं एकदाही लोटलं नव्हतं, कारण बाबा झोपलेत हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, असं एक दार असेल, ज्याच्यामागचं माणूस झोपलंय असं तुम्ही धरून चालला आहात. हे वाचून झालं की उठा आणि ते हळूच लोटून बघा. झोपलेलं असेल तर उत्तमच. जागं असेल तर शेजारी बसा आणि विचारा, हल्ली जेवणाची चव लागते का.