दहा लिटरची रेघ

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी बादली आहे. माझ्या पाण्याने कुणी कधी अंघोळ केली नाही की फरशी पुसली नाही. मी आयुष्यभर डोंगरातले झरे मोजले.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. संस्थेच्या नर्सबाई मला न्यायला आल्या, त्या लिटरचे माप सोबत घेऊनच. दहा मापे पाणी त्यांनी माझ्यात ओतले आणि पाणी जिथे टेकले तिथे खिळ्याने आतून रेघ ओढली.

"बाई, बादली नेताय की सोनं?" कारागीर हसला.

"रेघ चुकली तर पुढचं सगळंच चुकेल," त्या म्हणाल्या.

संस्था म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली, भिंतीवर डोंगराचा नकाशा आणि पाच माणसे. डोंगरावरची झाडी, माती आणि पाणी राखायचे, एवढेच त्यांचे काम. झरे आटत चालले आहेत असे जो तो म्हणे. पण किती आटले, हे कुणालाच सांगता येत नसे. नर्सबाईंनी उभा जन्म मनगटावरच्या घड्याळाकडे बघत रोग्यांची नाडी मोजली होती. त्यांनी झऱ्यांचेही तेच करायचे ठरवले.

ते घड्याळ आणि मी गेलो टपालकाकांकडे. काका निवृत्त पोस्टमन. डोंगरातली वाट न् वाट त्यांच्या पायाखालची. दर पंधरा दिवसांनी ते मला खांद्याला अडकवून सात झऱ्यांची फेरी करत. मला धारेखाली धरायचे, रेघेपर्यंत पाणी यायला किती सेकंद लागले ते वहीत लिहायचे आणि पुढची वाट धरायची. लोक थट्टा करत, "काका, झऱ्याचं पत्र आलं का?"

"आलं की. चौदा सेकंदांचं आहे," काका तितक्याच गंभीरपणे सांगत.

चौथ्या वर्षी काकांचा पाय शेवाळावरून घसरला. त्यांचा गुडघा फुटला आणि मी खडकावर आपटले. लंगडत खोलीवर येऊन ते पहिले वाक्य बोलले ते हे: "बाई, बादलीला पोचा आला."

"आधी गुडघा दाखवा," नर्सबाई म्हणाल्या. मलमपट्टी झाल्यावर त्यांनी पुन्हा दहा मापे मोजली. पोच्यामुळे पाणी जुन्या रेघेच्या अर्धे बोट वर आले. तिथे त्यांनी नवी रेघ ओढली आणि वहीत तारीख घालून तसे लिहून ठेवले. मी मात्र खट्टू झाले. दोन रेघांची, पोचा पडलेली बादली. कोण माझा शब्द खरा मानणार?

दहाव्या वर्षी डोंगराच्या पूर्वेकडच्या सोंडेवर खडीच्या खाणीसाठी चाचणीचे खोदकाम सुरू झाले. दोन महिन्यांत त्या बाजूचे तीन झरे मंदावले. त्यातल्या एकाचे चौदा सेकंदांचे एकतीस झाले. पलीकडचे चार होते तसेच वाहत होते. काकांनी एकाच झऱ्यावर मला तीनदा भरून पाहिले. तिन्ही वेळा तोच आकडा आला.

संस्थेच्या तक्रारीवरून शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. टेबलामागे अधिकारीबाई, एका बाजूला खाणीचे इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला आमची पाच माणसे. मी टेबलावर. इंजिनिअर अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, या बादलीला पोचा आहे. आत रेघाही दोन आहेत. हिच्या भरवशावर एवढं काम अडवायचं?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. माझा पत्रा गार पडला. टपालकाका सावकाश उठले.

"मॅडम, तुम्हीच मोजून बघा. वरची रेघ धरा. खालची का सोडली, ते वहीत तारखेसकट आहे."

अधिकारीबाईंनी दूधवाल्याचे सरकारी शिक्क्याचे लिटरचे माप मागवले आणि बाह्या सारून स्वतः ओतू लागल्या. लोक मोठ्याने मोजत होते. दहावे माप रिकामे झाले. त्या वाकल्या, चष्मा सावरून त्यांनी आत पाहिले. पाणी वरच्या रेघेला टेकले होते. ना वर, ना खाली.

"बादलीत काही खोट नाही," त्या म्हणाल्या. "वही पुढे आणा."

मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती फुगली. इतकी की पोचा निघाला असेल असे मला वाटले. वहीतले आकडे पाहून अधिकारीबाईंनी खोदकाम त्याच दिवशी थांबवले. तज्ज्ञ आले, वर्षभर तपासणी झाली आणि खाणीला परवानगी नाकारली गेली. झरे हळूहळू सावरले. तीन वर्षांनी वहीत पुन्हा चौदा लिहिताना काकांनी तो आकडा दोनदा गिरवला. नंतर माझ्याशेजारी खडकावर बसून ते बराच वेळ धारेकडे बघत राहिले.

आता माझा तळ गंजला आहे. नवा तळ बसवला तर माप बदलेल, म्हणून नर्सबाईंनी मला निवृत्त केले. माझ्या जागी आलेली बादली प्लॅस्टिकची आणि हलकी आहे. पहिल्या फेरीला तिला खांद्याला अडकवताना काकांनी वळून माझ्याकडे पाहिले. जरा वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण फेरी चालू आहे.

तुमच्याही गावाजवळ एखादा झरा असेल. त्याच्यावर नुसती माया करू नका. तो मोजा, लिहून ठेवा, वही जपा. आणि एकदा सुरू केलेत की कितीही कंटाळा आला तरी एकही फेरी चुकवू नका.